हरवलेल्या पुस्तकांची यादी

माझ्याजवळ एक दोनशे पानी वही आहे. पुढच्या बाजूने तिच्यात शाळेच्या ग्रंथालयाची रोजची कामं टिपलेली आहेत. कुठल्या पुस्तकाची पानं निखळली, कुणी काय मागितलं, सुतळी आणायची आहे, डिंक संपला. वही उलटी करून मागून उघडली की हरवलेल्या पुस्तकांची यादी लागते. नऊ वर्षांत तिथे ६३ पुस्तकं जमली आहेत. दाखल क्रमांक, नाव, किंमत आणि शेवटचा रकाना, 'कुठे गेलं असावं'. त्या रकान्यात मी मुलांनी सांगितलं तसंच लिहिते. 'मामाच्या गावाला राहिलं.' 'एसटीत विसरलं.' 'शेळीने खाल्लं, अर्धं आहे.' 'ताईने सासरी नेलं.' आणि सगळ्यांत जास्त वेळा एकच शब्द, 'कारखान्यावर'.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. पाचवी ते दहावी, पट २०० च्या आसपास. दसरा झाला की गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गातली बाकं रिकामी दिसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधलेला संसार आणि त्या बोचक्यांवर बसलेली मुलं. काही मुलं गावात आजी-आजोबांपाशी राहतात. बाकीची आईबापांबरोबर जातात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. आमच्या शाळेतलं कुठलंही काम या येण्याजाण्याला बाजूला ठेवून करताच येत नाही. ग्रंथालयही नाही. पण हे मला कळायला तीन वर्षं लागली.

ग्रंथालयाचा प्रभार माझ्याकडे आला तो एका जून महिन्यात. मोठ्या पटाच्या शाळांना ग्रंथपालाचं पद मिळतं, कुठे पूर्णवेळ, कुठे अर्धवेळ. आमच्यासारख्या शाळेत ते काम एखाद्या शिक्षकाकडे जातं, आणि मराठी शिकवणारीकडे जाणं तर ठरलेलंच. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे दोन लोखंडी कपाटं होती. त्यांत ८७३ पुस्तकं. आधीच्या प्रभारी सरांनी दाखल नोंदवही समोर ठेवली आणि एकेका पुस्तकावर बोट ठेवत मला मोजून दिली. दोन दिवस लागले. एकही कमी नव्हतं. "वीस वर्षांत एक पुस्तक गहाळ नाही," असं सांगताना त्यांच्या आवाजात खराखुरा अभिमान होता. किल्ल्यांचा जुडगा हातात देऊन ते म्हणाले, "सांभाळा. निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र लागतं."

ते मनाने फार चांगले शिक्षक होते, हे मला इथे लिहायलाच हवं. गणित शिकवताना त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुस्तकांच्या बाबतीत मात्र त्यांना भीती वाटे, आणि ती भीती त्यांनी स्वतः निर्माण केलेली नव्हती. गहाळ पुस्तकाची किंमत प्रभारी शिक्षकाच्या पगारातून जाते, असं शाळाशाळांत सगळे धरून चालतात. ते गेल्यावर मी देवघेव नोंदवही उघडली. शेवटची नोंद साडेतीन वर्षांपूर्वीची होती, आणि तीही एका शिक्षकाच्या नावावर. ८७३ पुस्तकं जागच्या जागी होती, कारण त्यांना कुणी हातच लावला नव्हता.

पहिल्या आठवड्यात मी नुसती ती पुस्तकं पाहत बसले. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. वर निळ्या शाईने दाखल क्रमांक, बस्स. वाघाचं पुस्तक, चंद्राचं पुस्तक, भाकरीच्या गोष्टीचं पुस्तक, सगळी एकसारखी खाकी. मुलांची पुस्तकं बारीक असतात, मध्ये दोन पिना मारलेली. त्यांच्या कण्यावर नाव छापायला जागाच नसते. अशी शंभर पुस्तकं उभी लावली की दिसते ती कागदांची थप्पी. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येण्याचं धाडस एखाद्या मुलाने केलंच, तरी त्याला दिसणार काय? तो मागणार काय? "मॅडम, ३१७ नंबरचं द्या" असं तर कुणी म्हणणार नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत लिहिलेलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं, गोष्टींची पुस्तकंसुद्धा, असतील. गोष्टींची पुस्तकं असा वेगळा उल्लेख कायद्यात करावासा कुणाला तरी वाटला, याचा मला आजही आनंद होतो. पण ती मुलाच्या हाताला लागतील अशा उंचीवर असावीत, हे कायदा लिहू शकत नाही. ते आपण करायचं असतं.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांचं नाव मी तोवर फक्त १२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाच्या फलकावर वाचलेलं होतं. त्या पावसाळ्यात त्यांचे पाच नियम पहिल्यांदा नीट वाचले. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम एवढासा आहे : पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून सांगावी का लागली? तर मध्ययुगात युरोपात पुस्तकं लोखंडी साखळीने फळीला बांधून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरेफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तशी साखळीतली पुस्तकं आजही पाहायला मिळतात. तेव्हा एक पोथी हाताने लिहायला महिनेच्या महिने जात, म्हणून साखळी समजण्यासारखी होती. पिना मारलेल्या बारीकशा बालपुस्तकाला ती कशासाठी, हा प्रश्न मी त्या कपाटांपुढे उभी राहून स्वतःला कितीतरी वेळा विचारला.

मग आम्ही खाकी कव्हरं काढली. 'आम्ही' म्हणजे मी आणि आठवीची सतरा-अठरा मुलं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर थांबायचो. कव्हर उतरलं की आतून रंग बाहेर यायचा आणि मुलं ओरडायची, "मॅडम, हे बघा!" जी पुस्तकं तीन वर्षं त्याच इमारतीत, त्यांच्यापासून वीस पावलांवर होती, ती पाहून ती ओरडत होती. व्हरांड्यात खिळे ठोकून सुतळ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली, मुखपृष्ठ समोर करून. पावसाच्या दिवशी आत घ्यायची, उन्हाच्या दिवशी बाहेर. विषयवारी मुलांनी लावली. त्यांनी पाडलेले गट कुठल्याही शास्त्रात बसणार नाहीत : हसायची, भुताची, जनावरांची, रडू येणारी, खरी घडलेली, आणि 'नुसती चित्रं बघायची'. एका पुस्तकावरून दोन मुली अर्धा तास भांडल्या, ते भुताचं की रडू येणारं. भांडायचं तर दोघींना ते पूर्ण वाचावं लागलं.

यानंतर मी एक चूक केली, आणि ती वर्षभर करत राहिले. प्रत्येक पुस्तक परत करताना दहा ओळींचा सारांश आणि शेवटी तात्पर्य, असं बंधन घातलं. मुलं वाचतात की नुसती नेतात, हे मला कळायला हवं होतं. वरच्या कार्यालयाला दाखवायला काहीतरी हातात हवं, हाही भाग होता. ऑगस्टमध्ये दिवसाला वीस पुस्तकं जायची, डिसेंबरपर्यंत ती तीनवर आली. मला वाटलं, नवलाई संपली. एक दिवस सहावीतली एक मुलगी सुतळीसमोर उभी होती. एका पुस्तकाकडे बघत होती, हात लावत नव्हती. मी म्हटलं, "ने की." ती म्हणाली, "नको मॅडम. वाचायला छान वाटतंय, पण मग लिहावं लागतं."

त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वतः एखादी कादंबरी संपवली आणि कुणी लगेच वही पुढे सरकवली, तर मला काय वाटेल? पुस्तक संपल्यावर माणसाला थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं. मुलालाही वाटतं. त्याच दिवशी सारांशाची वही बंद केली. आता परत करताना मी फक्त विचारते, "ठेवू की कुणाला देऊ?" बोलायचं असेल तर मूल आपणहून बोलतं. पुष्कळदा मला नाही, मैत्रिणीला सांगतं, आणि पुस्तकाच्या दृष्टीने ते अधिक बरं. मैत्रीण दुसऱ्या दिवशी तेच मागायला येते.

सातवी-आठवीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आमच्याकडे जरा जास्तच, कारण दर वर्षी चार-पाच महिने शाळेचा आणि त्यांचा संबंध तुटलेला असतो. जोडाक्षर आलं की थांबतात, ओळीचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरतात. त्यांना पेलणारी पुस्तकं म्हणजे पहिली-दुसरीची, पानावर दोन ओळी आणि मोठं चित्र असलेली. पण मिसरूड फुटू लागलेल्या मुलाने ते पुस्तक सगळ्यांदेखत कसं उचलावं? मी काही दिवस नुसती निरीक्षण करत होते. मग एका मुलाला म्हटलं, "तुझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे ना? तिला रोज एक पुस्तक वाचून दाखवशील का? तिच्या बाईंनी सांगितलंय." सांगितलं कुणीच नव्हतं. तो रोज एक न्यायला लागला. बहिणीला वाचून दाखवायचं, मग घरी आधी दोनदा वाचून ठेवायला लागायचं. पुढे पाच-सहा मुलं 'धाकट्यांसाठी' पुस्तकं नेऊ लागली. त्यांपैकी एकाला धाकटं भावंडच नव्हतं. मी कधी विचारलं नाही.

नववी-दहावीचं दुखणं वेगळं असतं. त्या वयात मुलांना कुणी बघू नये असं वाटतं. काय वाचतो हेही कळू नये असं वाटतं. आणि देवघेव नोंदवहीत तर नाव लिहावं लागतं, नावापुढे पुस्तकाचं नाव, आणि ती वही कुणीही चाळतं. शरीरात होणाऱ्या बदलांवर, पाळीवर, मुलामुलींच्या मैत्रीवर सोप्या भाषेत लिहिलेली काही चांगली पुस्तकं मी पदरच्या पैशांनी आणली होती. ती वर्षभर तशीच कोरी पडून राहिली. मग मुलींच्या खोलीत, जिथे सॅनिटरी पॅड ठेवतो, त्याच्या शेजारी एक फळी लावली. तिथलं पुस्तक नोंद न करता न्यायचं आणि वाचून झालं की परत ठेवायचं. कुणी नेलं, कधी नेलं, विचारायचं नाही. मुलांसाठी तशीच फळी प्रयोगशाळेच्या मागच्या कोपऱ्यात. सहकाऱ्यांनी काळजीने विचारलं, पुस्तकं राहतील का? पहिल्या वर्षी नऊपैकी दोन गेली. उरलेल्या सातांची इतकी पारायणं झाली की कोपरे गोल झाले. एका पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने समासात लिहिलं होतं, 'हे मला आधी कळायला हवं होतं'. अक्षर ओळखीचं होतं. मी ते पान तसंच राहू दिलं.

आणि एक मुलगा होता, नववीतला, ज्याने गोष्टीचं पुस्तक कधी हातात धरलं नाही. त्याला रस होता शेळ्यांत. कृषी प्रदर्शनातून आणलेली शेळीपालनाची एक पुस्तिका आमच्याकडे कशी कोण जाणे आली होती. ती त्याने इतक्यांदा नेली की पिना सुटून पानं वेगळी झाली. सुईदोऱ्याने त्यानेच शिवून आणली. मग जनावरांच्या रोगांवरचं पुस्तक मागितलं. ते मिळालं, तर त्यातले इंग्रजी शब्द समजेनात, म्हणून शब्दकोश मागितला. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हा रंगनाथनांचा दुसरा नियम. साहित्याची शिक्षिका म्हणून मला कथा-कवितेचा लोभ आहे, आणि तो मी अशा वेळी आवरून धरते. त्या मुलाने वाचन म्हणजे काय ते पुरेपूर केलं : त्याला काहीतरी हवं होतं आणि ते पुस्तकात आहे हे त्याला कळलं होतं.

आता त्या शब्दाकडे येते, 'कारखान्यावर'.

२०१५ पासून राज्यातल्या शाळांत १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. आमच्याकडे तो नेमका टोळ्या निघायच्या तोंडावर येतो. माझ्या तिसऱ्या वर्षी त्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने समुद्रावरच्या साहसाचं एक पुस्तक नेलं. त्याने समुद्र पाहिला नव्हता. चार दिवसांनी त्याचं कुटुंब सांगली भागातल्या एका कारखान्याला गेलं. पुस्तक त्याच्या पिशवीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. मार्चअखेर साठ्याची तपासणी केली तेव्हा ते कमी निघालं. किंमत ३५ रुपये.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोळ्या परतल्या. त्याच्या गल्लीतली मुलं शाळेत आली, तो आला नाही. चार दिवस, आठ दिवस. मला वाटलं आजारी असेल. मुलांना विचारलं तर ती एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एकजण म्हणाला, "मॅडम, त्याच्याकडून पुस्तक हरवलंय. तुम्ही पैसे मागाल म्हणून येईना झालाय."

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई चुलीपाशी होती, तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि रडायला लागला. सहा महिने उसाच्या फडात राहून आलेलं मूल, पहाटे थंडीत आईबरोबर उठणारं, मोळ्या बांधायला हात लावणारं, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला रस्त्यावर उभं राहणारं. ते या सगळ्याला न घाबरता परत आलं होतं आणि ३५ रुपयांच्या पुस्तकाला घाबरून शाळा चुकवत होतं. माझ्या ग्रंथालयाला घाबरून. त्या संध्याकाळइतकं वाईट मला शाळेत लागल्यापासून कधी वाटलं नाही.

मग त्याने हळूहळू सांगितलं. पुस्तक हरवलं म्हणजे पडलं नव्हतं. रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बॅटरीच्या उजेडात तो ते आईला वाचून दाखवायचा. आई म्हणाली, "दिवसभर कोयता चालवून डोळं मिटायचं, पण हा वाचायला लागला की मी म्हणायचे, पुढं काय झालं तेवढं सांग." शेजारच्या कोपीतली पोरं येऊन बसायला लागली. त्यांतल्या एका मुलीने ते तिच्या भावासाठी मागून घेतलं. तिची टोळी जानेवारीत दुसऱ्या फडावर गेली, पुस्तक तिच्याबरोबर गेलं. तिथून पुढे कुणाकडे तरी. शेवटची खबर अशी की ते कर्नाटकातल्या एका कारखान्यावर आहे, आणि शेवटची चार पानं नाहीत, म्हणून वाचणारा शेवट आपल्या मनानेच सांगतो.

घरी येताना मी हिशेब करत होते. कपाटातल्या एखाद्या पुस्तकाला वीस वर्षांत एक वाचक मिळाला नव्हता. या पुस्तकाला सहा महिन्यांत किती मिळाले? ज्याला मी नोंदवहीत 'गहाळ' लिहिलं होतं, ते माझ्या सगळ्या ग्रंथालयात सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक होतं. त्याच रात्री मी वही उलटी केली आणि मागच्या पानावर पहिली ओळ लिहिली.

पुढचं काम कागदोपत्री होतं, पण तेही सांगते, कारण भीती कागदातच असते. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यातला नियम २१५ ग्रंथालयातल्या पुस्तकांबद्दल आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा संदर्भासाठी पाहिलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं हरवणं रास्त मानावं, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. चौकशी हवी ती १००० रुपयांहून महागड्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची. हा नियम आमच्या अनुदानित शाळेला थेट लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण देशाचा हिशेब लिहिणाऱ्यांनी पुस्तकं हरवणार हे गृहीत धरलेलं आहे, आणि ते प्रमाण कपाटातल्या पुस्तकांवर नाही, दिलेल्या पुस्तकांवर काढलेलं आहे, ही गोष्ट मी छापून घेऊन मुख्याध्यापकांपुढे ठेवली. जितकी जास्त द्याल तितकी जास्त हरवायला मुभा. त्यांनी चष्मा काढून तो परिच्छेद दोनदा वाचला. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव झाला : वर्षाअखेर हरवलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करायचं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करायची, मुलांकडून आणि प्रभारी शिक्षकाकडून वसुली करायची नाही. एका पानाचा ठराव. तो झाल्यावर मी त्या मुलाला बोलावून वाचून दाखवला, अगदी 'सर्वानुमते मंजूर' पर्यंत.

पुस्तक तसंही प्रवासाला जाणार असेल तर नीट सामानसुमानाने जावं, असं मग वाटलं. यात नवीन काही नाही. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, तेव्हा पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्याखेड्यांत जात. पाच नियम प्रसिद्ध झाले त्याच १९३१ साली मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं नेणारं फिरतं ग्रंथालय सुरू झालं. आमच्या गावातूनही दर वर्षी गाड्या निघतातच. त्यांत भांडी असतात, बाजरीचं पीठ असतं, कोंबड्या असतात. एक पेटी का नसावी?

पहिल्या वर्षी एका मुकादमाने पेटी न्यायला होकार दिला, तोही त्याची मुलगी माझ्या वर्गात होती म्हणून. पत्र्याची जुनी पेटी, आत वीस पुस्तकं, पाच-सहा जुने 'किशोर'चे अंक, दोन बॅटऱ्या, पेन्सिली. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली. 'किशोर' हे मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे, आणि त्याच्या जुन्या अंकांना कारखान्यावर फार मागणी असते, कारण एका अंकात गोष्ट, कविता, कोडं, माहिती सगळं सापडतं आणि अंक फाटला तर कुणाला धास्ती वाटत नाही. पुस्तकं निवडायला आम्ही मुलांनाच बसवतो. ती फार विचाराने निवडतात. "हे नको, पानं पातळ आहेत, धुक्याने ओली होतील." "हे घ्या, यात एकेक गोष्ट छोटी आहे, मधेच गाडी भरायला हाक आली तरी चालतं." असली पुस्तक-परीक्षणं मी कुठे वाचलेली नाहीत.

गावात राहिलेल्या मुलांचं वाचन त्या दिवसांत आजी-आजोबांसमोर चालतं. सहावीतल्या एका मुलीने आजीला लोककथांचं पुस्तक वाचून दाखवलं, तर आजी मध्येच म्हणाली, "असं नव्हतं ते. ती सून विहिरीवर जात नाही, जात्यापाशी बसती." आणि तिने सगळी गोष्ट वेगळीच सांगितली, मध्ये जात्यावरच्या दोन ओव्यांसकट. मुलीने मला येऊन विचारलं, "मॅडम, बरोबर कुणाचं? पुस्तकाचं का आजीचं?" मी म्हटलं, दोन्ही ठेवू. तिने आजीची गोष्ट चाळीस पानी वहीत उतरवून काढली, आजीच्याच शब्दांत. वहीला पुठ्ठा लावला, वर जात्याचं चित्र काढलं आणि आम्ही तिला दाखल क्रमांक दिला. लेखकाच्या रकान्यात आजीचं पूर्ण नाव. आजीला लिहिता-वाचता येत नाही. तिचं नाव नोंदवहीत कुठे आहे ते बघायला ती नातीचा हात धरून शाळेत आली, आणि त्या ओळीवरून तिने बोट फिरवलं. ती वही आजवर कधी सुतळीवर सलग दोन दिवस राहिलेली नाही.

समुद्राचं पुस्तक नेणारा मुलगा आता तालुक्याच्या गावी आयटीआयला आहे. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा त्याने विचारलं, ते पुस्तक पुन्हा आणलं का? आणलं आहे, आणि या वर्षी ते पेटीत घातलं आहे. यंदा तीन मुकादमांनी पेट्या मागितल्या. एकाने तर फोन करून विचारलं, "आमच्या टोळीला कधी?" परवा संध्याकाळी पहिला ट्रॅक्टर निघाला. बोचकी, पातेली, खाट, एक शेळी, आणि सगळ्यांत वर, ओली होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पेटी. चौथीतून नुकतीच पाचवीत आलेली एक मुलगी तिच्यावर पाय पसरून बसली होती. मुकादम खाली वाकून म्हणाले, "मॅडम, मोजून देता का? नंतर कटकट नको." मी म्हटलं, मोजायचं नाही, फक्त वाचायचं.

ट्रॅक्टर घाटाच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मी शाळेत येऊन वही मागून उघडली. ६३ च्या खाली त्या पेटीतल्या वीस पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहिले, शेवटच्या रकान्यात 'कारखान्यावर'. एवढ्या ओळी तेवढ्या पेन्सिलीने लिहिल्या आहेत.